चौघांच्या मापात नऊ माणसांचे घर

दिल्लीत २०१५ पासून घरगुती नळजोडणीला महिन्याला २० हजार लिटर पाणी फुकट मिळते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. साधा भागाकार केला तर हे पाणी जेमतेम पाच माणसांना पुरते. द्वारकेच्या सेक्टरांमधल्या एखाद्या फ्लॅटमध्ये आईवडील आणि दोन मुले राहत असतील, तर ती या मापात आरामात बसतात. त्याच फ्लॅटमध्ये सकाळी धुणीभांडी करायला येणारी बाई काकरोला, बिंदापूर, मटियाला किंवा डाबरीसारख्या वस्तीतून येते. तिच्या घरात सासू, नवरा, धाकटा दीर आणि पाच मुले धरून नऊ माणसे असली, तर माणशी ७४ लिटर पाणी वाट्याला येते. त्यापुढे मीटर सरकला, की केवळ जास्तीच्या पाण्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, पहिल्या लिटरपासूनच्या सगळ्या वापराचे बिल येते. शिवाय या वस्त्यांत एकाच मीटरवर घरमालक आणि त्याचे दोन-तीन भाडेकरू असतात. तिथे फुकट पाण्याचा फायदा पोहोचायच्या आधीच मर्यादा संपलेली असते. विजेचेही तसेच आहे. २०० युनिटपर्यंत बिल शून्य, ४०० पर्यंत निम्मे, त्यापुढे सवलत नाही. आणि ही मर्यादा जोडणीला आहे. त्या जोडणीवर किती माणसे राहतात, हे कोणी विचारत नाही.

पाणी आणि वीज ही डोळ्यांसमोरची उदाहरणे म्हणून आधी घेतली. माझे म्हणणे त्याहून मोठे आहे. या देशात गरिबी ठरवताना माणसे मोजतात आणि गरिबांना मदत देताना बहुतेक वेळा घरे मोजतात. या दोन मोजमापांमध्ये जे अंतर पडते, ते मोठ्या कष्टकरी कुटुंबात वाढणाऱ्या मुलांच्या वाट्याला येते. अशा घरांतल्या मुलांच्या हालाचे कारण आपण त्यांच्या आईबापांच्या अविचारात शोधतो. त्यातला बराच भाग मोजमापाच्या या चुकीतून आलेला आहे आणि तो दुरुस्त करता येतो. द्वारका हे ठिकाण घेण्याचे कारण असे, की हे नियोजनातून उभे राहिलेले नगर आहे. पप्पनकलां या नावाने आखणी झालेले, सुमारे ५,६०० हेक्टरांवरचे, दहा लाख माणसांसाठी योजलेले हे उपनगर दिल्ली विकास प्राधिकरणाने कागदावर रेघ न रेघ आखून उभारले. रुंद रस्ते आले, सहकारी गृहसंस्था आल्या, शाळांसाठी भूखंड आले, २००५ च्या अखेरीस मेट्रो आली, २०२३ मध्ये यशोभूमीसारखे भव्य संमेलन केंद्र आले. मधली जुनी गावे आणि कडेच्या वस्त्या मात्र दाटत गेल्या आणि या नगराला लागणारे रखवालदार, ड्रायव्हर, रंगारी, गवंडी आणि घरकामगार तिथे राहू लागले. मराठी वाचकाला हे चित्र नवे नाही. सिडकोने वसवलेल्या नव्या मुंबईत आणि पिंपरी-चिंचवडच्या कडेला तेच दिसते. नियमही जवळपास तेच आहेत. काही बाबतींत महाराष्ट्राचे नियम दिल्लीहून कडक आहेत.

रेशनपासून पाहू, कारण गरीब घरात पैशाचा पहिला वाटा ताटाकडे जातो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य दिले. हा नियम डोकी मोजतो आणि म्हणून न्याय्य आहे. पण त्याच कायद्यात सर्वांत गरिबांसाठी असलेली अंत्योदय योजना घर मोजते: दर कार्डाला ३५ किलो, मग घरात दोन माणसे असोत की दहा. सात माणसांपर्यंत अंत्योदय कार्ड फायद्याचे किंवा निदान बरोबरीचे ठरते. आठव्या माणसापासून तोटा सुरू होतो. नऊ जणांच्या प्राधान्य कुटुंबाला ४५ किलो मिळतात आणि त्याहून गरीब म्हणून सरकारनेच निवडलेल्या नऊ जणांच्या अंत्योदय कुटुंबाला ३५. दहा किलोंचा हा खड्डा गरिबीमुळे पडलेला नाही, तो कायद्याच्या मसुद्यात आहे. दिल्लीत आणखी एक अडचण आहे. कायद्याखालच्या लाभार्थ्यांची संख्या सुमारे ७२ लाख ७८ हजारांवर बांधलेली आहे आणि तिला आधार २०११ च्या जनगणनेचा आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव चढायचे तर कुठले तरी जुने नाव गळावे लागते. ज्या घरात मुले पाठोपाठ जन्मली, त्या घराचे नुकसान यात सर्वांत जास्त होते.

शाळाप्रवेशाचा हिशेब यापेक्षाही बोलका आहे. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांतल्या पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. द्वारकेत खासगी शाळांची दाटी असल्याने इथे या तरतुदीला खरे मोल आहे. दिल्लीत तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे १ लाख रुपये होती, म्हणजे सरकारनेच ठरवलेले किमान वेतन ज्याला नियमाने मिळते तो कामगारही अपात्र. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही मर्यादा ५ लाख करण्यास सांगितले. नंतर २०२४ मध्ये ती अडीच लाख झाली. आकडा वाढला हे चांगलेच झाले, पण तो घराचाच राहिला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत अकुशल कामगाराचे किमान वेतन महिना १८,४५६ रुपये झाले. एकट्या कमावत्याच्या चौघांच्या घराचे वार्षिक उत्पन्न यावरून २ लाख २१ हजार होते. माणशी महिना ४,६१४ रुपये आणि अडीच लाखांची ती मर्यादा धरली तर पात्र. आता नऊ जणांचे घर घ्या, ज्यात भाऊभाऊ दोघे तेवढ्याच पगारावर राबतात. त्यांचे उत्पन्न ४ लाख ४२ हजारांवर जाते, म्हणजे त्या मर्यादेच्या बाहेर, आणि माणशी मात्र ४,१०१ रुपयेच पडतात. ज्या घरात डोईमागे पैसा कमी आहे, ते श्रीमंत ठरून रांगेतून बाहेर जाते. प्रत्यक्षात किमान वेतनही न मिळणारे हजारो आहेत, हे मला ठाऊक आहे. ते धरले तर आकडे बदलतील. मोठ्या घराला मिळणारा उलटा न्याय त्याने बदलत नाही.

हे चौघांचे माप आले कुठून? त्याचा एक ठळक उगम १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत आहे. गरजेवर आधारलेले किमान वेतन कसे काढावे याचे सूत्र त्या परिषदेने एकमताने दिले आणि भारतीय कामगाराच्या इतिहासातली ती मोठी गोष्ट होती. या सूत्रात कामगाराच्या कुटुंबाचे तीन उपभोग-घटक धरले आहेत: कामगार १, पत्नी ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६. बायकामुलांची कमाई हिशेबात घ्यायची नाही, असेही त्यात म्हटले होते, आणि ते योग्यच होते. पण तिसरे मूल या सूत्रात नाही आणि कामगाराची म्हातारी आईही नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी वेगळे २५ टक्के धरायला सांगितले. २०१९ मध्ये अनुप सत्पथी समितीने तीनऐवजी ३.६ घटक धरावेत अशी शिफारस केली. सूत्राचा पाया मात्र अजूनही तीन घटकांचाच आहे. १९५७ साली भारतातल्या कामगाराच्या घरात सरासरी दोनच मुले नव्हती, हे परिषदेतल्या प्रत्येकाला माहीत असणार. तरीही सूत्र दोन मुलांचे ठरले. कसे असावे असे वाटत होते, ते कुटुंब वेतनात उतरले, आणि जे प्रत्यक्ष होते त्याला उरलेल्या पैशांत भागवावे लागले. मुंबईतल्या गिरणगावाने हे त्याआधीच सोसले होते. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२३ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा जो अहवाल काढला, त्यात कामगाराला मिळणारे धान्य तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्याहून कमी असल्याचे दिसून आले. घर मोठे असले की असा आहार आणखी किती आक्रसतो, हे सांगायला अहवाल लागत नाही.

विशेष म्हणजे गरिबी मोजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत जिथे घडली, तिथे ही चूक झाली नव्हती. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘भारतातील दारिद्र्य’ हा प्रसिद्ध अभ्यास मांडला, तेव्हा त्यांनी रेषा माणशी आखली: १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. पुढे सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी निघालेली रेषाही माणशीच होती, खेड्यात ८१६ आणि शहरात १,००० रुपये. ती जाहीर करताना मात्र नियोजन मंडळाने पाच जणांच्या कुटुंबाला इतके, असे सांगितले आणि चर्चा पाच जणांच्या घराची झाली. म्हणजे देशात किती गरीब आहेत हे सांगायचे तेव्हा नऊ जणांच्या घरातली नऊ माणसे नऊ म्हणून धरली जातात. त्यांना काय द्यायचे हे ठरवताना ती एक घर होतात.

इथवर जे सांगितले ते दुर्लक्षातून झाले असे म्हणता येईल. पुढचे मात्र ठरवून केलेले आहे. कितीतरी योजनांत मुलाचा जन्मक्रम विचारला जातो आणि त्यावर त्याचा हक्क ठरतो. दिल्लीत २००८ मध्ये सुरू झालेल्या लाडली योजनेत मुलीच्या नावावर जन्मापासून बारावीपर्यंत टप्प्याटप्प्याने रक्कम ठेवली जाई. अट अशी, की एका कुटुंबातल्या दोनच मुलींना. या योजनेचा हेतू मुलींना नकोसे होण्यापासून वाचवण्याचा होता. घरात सर्वांत नकोशी होण्याचा धोका कोणाला असतो? पहिलीला क्वचित. मुलाची वाट पाहता पाहता आलेल्या तिसरीला आणि चौथीला. योजनेने नेमके त्यांनाच बाहेर ठेवले. गरोदर बाईच्या बाबतीत तर कायदा एक सांगतो आणि योजना दुसरे. अन्नसुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६ हजार रुपयांचा मातृत्वलाभ आहे. कितवे बाळंतपण, हे कलम विचारत नाही. २०१७ ची प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली ती ५ हजारांची आणि पहिल्याच अपत्यापुरती. २०२२ नंतर दुसरे अपत्य मुलगी असेल तर तिचा समावेश झाला. तिसऱ्या बाळंतपणात जास्त अशक्त असलेल्या बाईला काहीच नाही. आपल्या महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती एका कुटुंबातल्या दोन मुलांनाच मिळते. ज्या राजाने आपल्या संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणले, त्याच्या नावाची ही योजना आहे, म्हणून हा नियम मला अधिक बोचतो. तिसऱ्या मुलाने बारावीला कितीही गुण मिळवले, तरी त्याच्या वाट्याला थोरल्यांनी वापरून झालेली योजना येते.

यामागचा विचार जुना आहे आणि त्याच्या सर्वांत कठोर रूपाचा मान महाराष्ट्राकडे जातो. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. त्या काळात दिल्लीत आणि उत्तर भारतात काय घडले हे सर्वांना माहीत आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यात गरिबांची ओढाताण सर्वांत जास्त झाली. सक्ती बदनाम झाली, पण विचार मेला नाही. तो अटींच्या रूपाने परतला. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्याला पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनी सरकारी नोकरीलाही तशी अट लावली. २००३ मध्ये हरियाणाच्या जावेद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट घटनेत बसते असा निर्णय दिला. ज्या हरियाणाच्या कायद्यावर हा निकाल लागला, त्याच हरियाणाने नंतर तो मागे घेतला; मध्य प्रदेश आणि हिमाचल प्रदेशानेही घेतला; आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये घेतला. निर्मला बुच यांनी पाच राज्यांतल्या पंचायतींचा जो अभ्यास केला, त्यात या अटीपायी टाकून दिलेल्या बायका आणि दुसऱ्याला देऊन टाकलेली मुले आढळली. अट बापाच्या खुर्चीवर होती. तिची किंमत बाईने आणि मुलाने दिली.

आता यावरचा पहिला आणि सर्वांत जोरकस आक्षेप. डोकी मोजून मदत दिली तर गरीब लोक आणखी मुले जन्माला घालतील, असे शिकलेली, सुज्ञ माणसेही मनापासून म्हणतात. हा आक्षेप तपासता येतो, कारण प्रयोग होऊन गेलेला आहे. २०१३ पासून देशातल्या कोट्यवधी लोकांना धान्य डोईप्रमाणे मिळते आहे आणि जानेवारी २०२३ पासून ते पूर्ण मोफत आहे. जितकी माणसे तितके धान्य, याहून सरळ उत्तेजन दुसरे कोणते असणार? २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बाईमागे मुलांचे सरासरी प्रमाण २.२ होते, २०१९-२१ मध्ये ते २.० झाले. दिल्लीत १.८ वरून १.६ वर आले. बिहारमध्ये, जिथून द्वारकेच्या वस्त्यांत कितीतरी कामगार येतात, ३.४ वरून ३.० झाले. महाराष्ट्र १.७ वर आहे. माणशी पाच किलो धान्यासाठी कोणी मूल जन्माला घातले नाही, कारण मूल वाढवायला पाच किलो धान्याच्या कितीतरी पट खर्च येतो, हे गरीब बाईला आपल्या सर्वांहून चांगले कळते. मुले कमी होतात ती मुली शिकल्या, लग्न उशिरा झाले, जन्मलेले मूल जगेल याची खात्री पटली आणि संततिनियमनाची साधने हातात आली म्हणजे. साधनांचा भार आजही कोणावर आहे, ते पाहा: त्याच पाहणीत बायकांच्या नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुषांचे ०.३ टक्के. ज्याला लोकसंख्येची खरोखर काळजी आहे, त्याला काम करायला हा आकडा पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे आणि त्यात तथ्य आहे. नऊ जणांच्या घराला चौघांच्या सव्वादोन पट खर्च येत नाही. भाडे एकच, दिवा एकच, चूल एकच. थोरल्याचे पुस्तक धाकट्याला चालते. मग माणशी मोजणे हाही अन्याय नाही का? ही शंका रास्त आहे आणि जगात तिच्यावर उपायही निघाला आहे. श्रीमंत देशांच्या आकडेवारीत रूढ असलेल्या एका पद्धतीत पहिल्या प्रौढाला १, पुढच्या प्रत्येक प्रौढाला ०.५ आणि मुलाला ०.३ धरतात. या मापाने आईबाप आणि दोन मुलांचे घर २.१ होते. आईबाप, आजी, काका आणि पाच मुले असलेले घर ४ होते. म्हणजे सगळी काटकसर गृहीत धरूनही मोठ्या घराला जवळपास दुप्पट पैसा लागतो. आपल्याकडच्या अटींत तो एक पटच धरला जातो. शिवाय हे माप जिथे बसवले गेले, तिथे घरखर्चात भाडे, गाडी आणि उष्णता यांचा वाटा मोठा असतो, आणि त्या गोष्टी वाटून घेता येतात. आपल्याकडे २०२२-२३ च्या खर्च पाहणीत शहरी घराच्या एकूण खर्चातला सुमारे ३९ टक्के भाग अन्नावर जात होता आणि गरिबांचा त्याहून जास्त जातो. भाकरी दोघांत वाटली की अर्धीच होते. म्हणून गरीब देशात मोठ्या घराची काटकसर श्रीमंत देशापेक्षा कमी धरायला हवी. काटकसरीची सूट किती असावी यावर वाद घालता येईल आणि घालावा. ती शंभर टक्के आहे असे धरून चाललेला कारभार मात्र कुठल्याच अर्थशास्त्रात बसत नाही.

तिसरा आक्षेप न्यायबुद्धीचा म्हणून मांडला जातो: आम्ही दोनवर थांबलो, कर भरतो, मग दुसऱ्यांच्या पाच मुलांचा भार आम्ही का घ्यावा? द्वारकेच्या सोसायटीत आणि पुण्याच्या कोथरूडमध्ये हा प्रश्न सारख्याच शब्दांत ऐकू येतो. त्यात कष्टाने उभारलेल्या आयुष्याचा अभिमान आहे आणि तो मी हलका मानत नाही. पण हा प्रश्न आईबापांना उद्देशून आहे आणि शिक्षा मुलाला होते. पाचव्या मुलाने कोणता निर्णय घेतला होता? शिवाय साबण, तेल, चप्पल यांवरचा कर नऊ जणांचे घरही नऊ जणांच्या वापराने भरतेच. आणि मुले किती असावीत याचा निर्णय खरोखर कोणाच्या हातात असतो, हे महाराष्ट्राला इतरांहून आधी सांगितले गेले होते. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि समाजाचा रोष पत्करून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. नोव्हेंबर १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव आणला आणि सभागृहाने तो मोठ्या बहुमताने फेटाळला. बाबासाहेब स्वतः रामजी आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य होते. ज्यांनी बाईला कमी मुले असण्याचा हक्क मागितला, त्यांनी चौदाव्या मुलाचा शिकण्याचा हक्कही तितक्याच निश्चयाने मागितला. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत. आईच्या हाती साधन द्या आणि जन्मलेल्या मुलाला त्याचा क्रमांक विचारू नका, इतकेच त्यांचे म्हणणे जोडून घेता येते.

मोजमापाची ही चूक घरात कशी उतरते, हे नीट पाहायला हवे, कारण घर ती सगळ्यांत सारखी वाटत नाही. कमी पडलेला पैसा आधी आईच्या ताटातून जातो आणि मग थोरल्या मुलीच्या शाळेतून. आई सकाळी चार घरांची कामे करायला सेक्टरात गेली, की धाकट्यांना सांभाळणे, पाण्याच्या टँकरसमोर डबे लावणे, आजीचे औषध पाहणे हे दहा-बारा वर्षांच्या मुलीकडे येते. तिचे नाव शाळेच्या पटावर असते, ती शाळेत असतेच असे नाही. शिक्षणहक्क कायदा तिला चौदा वर्षांपर्यंत हक्क देतो. लहान भावंडाला दिवसभर ठेवायला पाळणाघर नसेल तर तो हक्क तिला वापरता येत नाही. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी १९६९ मध्ये दिल्लीतच मीरा महादेवन यांनी मोबाइल क्रेशेसचे काम सुरू केले, ते हीच गोष्ट ओळखून. मोठ्या घराची एक ताकदही आहे आणि ती नाकारणे खोटेपणा होईल. आजी असली की तान्ह्याला कोणीतरी असते, काकाचा पगार असला की आजारपणात सावकार टळतो. पण घर मोजणारे नियम याच ताकदीवर दंड लावतात. काकाचा पगार एका चुलीत आला की उत्पन्नाचा दाखला हुकतो. महाराष्ट्रात २०२४ च्या लाडकी बहीण योजनेत कुटुंबातली एकच अविवाहित स्त्री पात्र ठरली. तीन अविवाहित बहिणी एकत्र राहत असतील तर दोघींची गरज कागदावर नाहीशी होते. साहजिकच लोक कागदावर विभक्त होतात, वेगळी कार्डे काढतात, आणि मग त्यांनाच खोटारडे म्हटले जाते. नियम माणशी असता तर हे खोटे बोलण्याची त्यांना गरजच पडली नसती.

बदल अशक्य नाही, याचा पुरावा सरकारनेच दिलेला आहे. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत वर्षाला ३० हजारांचे संरक्षण कुटुंबातल्या पाचच जणांना होते. सहाव्याचे हाड मोडले तर ते घराच्या खिशातून बसवायचे. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली तेव्हा कुटुंबाच्या आकाराची मर्यादा काढून टाकली गेली. योजना कोसळली नाही आणि गरीब घरांनी विम्यासाठी मुले वाढवली असेही कुणाला दिसले नाही. गरोदर बायकांसाठीच्या जननी सुरक्षा योजनेत काही राज्यांपुरती असलेली दोन अपत्यांची अट २०१३ मध्ये उठवली गेली, तेव्हाही आभाळ कोसळले नाही. शाळेतले मध्यान्ह भोजन तर सुरुवातीपासूनच मुलाला मिळते, घराला नाही. आणि आपल्या कल्याणकारी योजनांत सर्वांत कमी वाद असलेली आणि सर्वांत जास्त उपयोगी पडलेली ती एक आहे.

दाखल्यांच्या भानगडी वाढतील, बनावट नावे चढतील, अशी शासनाची भीती असते. पण रेशनकार्डावर प्रत्येक माणसाचे नाव आणि आधार क्रमांक आधीच जोडलेला आहे. मोजणी झालेली आहे, ती वापरायची तेवढी बाकी आहे. उत्पन्नाची मर्यादा जिथे जिथे आहे तिथे ती कुटुंबातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे चढती ठेवता येईल. शाळाप्रवेश आणि शिष्यवृत्ती यांपासून सुरुवात करावी, कारण तिथे हुकलेले वर्ष परत मिळत नाही. पाण्याची मर्यादा कार्डावरच्या नावांशी जोडता येईल आणि एका मीटरवर राहणाऱ्या भाडेकरूंची वेगळी नोंद घेता येईल. विजेसाठी दिल्लीने २०१९ मध्ये भाडेकरूंना स्वतंत्र प्रीपेड मीटर देण्याची योजना काढलीच होती. मातृवंदना योजनेतली अपत्याची अट अन्नसुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे काढावी. महाराष्ट्राने शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीतली दोन मुलांची अट येत्या शैक्षणिक वर्षापासून रद्द करावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो. आणि अंत्योदय कार्डावर ३५ किलो किंवा माणशी ५ किलो, यांपैकी जे जास्त असेल ते द्यावे. सात आणि त्याहून कमी माणसांच्या घरांना यात काहीच गमवावे लागत नाही. आठ, नऊ, दहा माणसांच्या घरांना महिन्याला आणखी पाच ते पंधरा किलो धान्य मिळते, आणि देशातल्या सर्वांत गरीब कार्डधारकांमध्ये अशी मोठी घरे थोडीच असल्याने सरकारी कोठारांना ते सहज झेपण्याजोगे आहे.